राक्षसाच्या पायातली चप्पल

पडद्यावरचा राक्षस कितीही भयंकर असो, उस्ताद आधी त्याचे पाय बघायचे. टीव्हीपुढे मांडी घालून बसलेले, हातात बशी, बशीतला चहा निवत चाललेला. राक्षस दलदलीतून वर यायचा, माणसं ओरडत पळायची, आणि उस्ताद बशी हळूच खाली ठेवून म्हणायचे, "गेला. चप्पल दिसली."

मग पिच्चर मागे नेऊन ते आम्हाला दाखवायचे. खरंच दिसायची. अंगभर शेवाळ, डोळे लाल, आणि पायात पट्ट्याची रबरी चप्पल. आम्ही हसायचो. उस्ताद कधी हसले नाहीत. "बिचाऱ्याकडं नव्हतं रे," एवढंच म्हणायचे. काय नव्हतं ते सांगायचे नाहीत. पैसा नव्हता, की बूट, की वेळ, की 'चप्पल काढ' म्हणणारं कुणी जवळचं माणूस. हे एक वाक्य ते सगळ्यांनाच लावायचे. नापास झालेल्या पोराला, करपलेल्या भाकरीला, भांडून गेलेल्या भावाला. त्याच्याकडं नव्हतं. त्यांच्या दृष्टीने जगात वाईट असं कुणी नव्हतंच, फक्त कमी पडलेले होते.

ताडकळसला घराच्याच पुढच्या खोलीत त्यांचं लग्नाच्या शूटिंगचं दुकान होतं, आणि त्या कमाईतून ते स्वतःचे राक्षसाचे पिच्चर काढायचे. त्यांना कुणी नावाने हाक मारली नाही, सगळे उस्तादच म्हणायचे, काही मनापासून आणि बरेचसे टिंगलीने. लग्नात सुद्धा त्यांच्या डोक्यात राक्षसच असायचा. नवरदेव मांडवात येताना ते जमिनीवर पालथे पडून त्याच्या नुसत्या बुटांची शूटिंग घ्यायचे. पंगत बसली की मांडवाच्या कनातीमागून, फटीतून, जेवणाऱ्यांच्या पाठी टिपायचे, जणू मागे कुणीतरी दबा धरून बसलंय. एका नवरीच्या बापाने कॅसेट बघून दुकानात येऊन विचारलं होतं, "उस्ताद, आमच्या पोरीचं लगीन हाय का खून हाय?"

माझं सांगायचं तर मी नववीतून शाळा सोडली. गावातल्या प्रत्येकाने कारण विचारलं आणि मी प्रत्येकाला वेगळं सांगितलं, कारण खरं कारण सांगण्यासारखं नव्हतं. सरांनी नाव पुकारलं की माझ्या पोटात कळ यायची, हात ओले व्हायचे, येत असलेलं उत्तरही जायचं. पुढे मानवतला कापसाच्या जिनिंगवर कामाला लागलो, तिथेही मुकादमाने हाक मारली की तेच. अजूनही तेच होतं. विशीत आलो तेव्हा कुणीतरी उस्तादांकडे नेलं. त्यांनी शाळेचं विचारलं नाही, जिनिंग का सोडलं तेही विचारलं नाही. मला उभं केलं, भोवती एक फेरी मारली आणि आत काकूंना सांगितलं, "उंची हाय. टेप आण."

त्या दिवशी मला जे वाटलं त्याला नाव नाही. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यातलं काहीतरी कुणाला पुरेसं वाटलं होतं. पुढच्या पिच्चरचा राक्षस मी होतो.

उस्तादांचं राक्षसांबद्दलचं ज्ञान सगळं जुन्या सीडींवरचं. कुठल्या कुठल्या देशांतले, हिंदी आवाज बसवलेले, कमी पैशात उरकलेले पिच्चर. महागडे त्यांना चालत नसत. त्यांच्या मते स्वस्त पिच्चरची ताकद अशी, की त्याला राक्षस दाखवणं परवडत नाही. मग तो ज्वारी हलवतो, कवाड वाजवतो, कुत्रं भुंकवतो. "न दिसणारा राक्षस फुकट येतो," ते म्हणायचे, "आन् त्योच खरा असतो." आणि त्याचं दुखणं असं, की करणाऱ्याला शेवटी राहवत नाही. घरच्यांनी रात्रंदिवस खपून राक्षसाचं कातडं शिवलेलं असतं, ते दाखवल्याशिवाय जीव शांत होत नाही. दाखवलं की लोक हसतात.

दुसरं दुखणं बोलण्याचं. बोलायला खर्च येत नाही, म्हणून स्वस्त पिच्चरमध्ये माणसं फार बोलतात. राक्षस कोण, कुठून आला, कशाने मरेल, सगळं उभ्या उभ्या सांगत बसतात. आणि बोलणारे असतात शेजारचेच. उस्तादांच्या आधीच्या पिच्चरमध्ये शास्त्रज्ञाचं काम गावातल्या खताच्या दुकानदाराने केलं होतं. गणपतीत तो पिच्चर चादरीवर दाखवला. पांढरा कोट घालून शास्त्रज्ञ म्हणाला, "आता आपल्याकडे वेळ फार कमी आहे," तर अंधारातून कुणीतरी विचारलं, "शेठ, युरिया कधी येणार हाय?" राक्षसाची डरकाळी म्हणून उस्तादांनी जिनिंगच्या भोंग्याचा आवाज हळू करून बसवला होता. तो आवाज ऐकून निम्मं पब्लिक म्हणालं, जिनिंगची पाळी सुटली. उस्ताद मागे खुर्चीवर उभे होते. खाली उतरले, खुर्ची घडी केली आणि काखेत मारून घरी गेले. पिच्चर अजून चालूच होता.

तरी त्यांची श्रद्धा ढळली नाही, कारण त्यांच्याकडे तिसरी गोष्ट होती आणि ती सांगताना त्यांचा आवाज उतरायचा. कॉम्प्युटरवरच्या राक्षसाच्या पायाखाली गवत दबत नाही, ते म्हणायचे. तो केवढाही असो, आत कुणी नसतं. स्वस्त राक्षसाच्या आत माणूस असतो, त्याला घाम येतो, तो दमतो. "ते बघणाऱ्याला कळतंय. कळत न्हाई असं वाटतंय, पर आतून कळतंय."

कातडं काकू शिवायच्या. काकू म्हणजे उस्तादांच्या घरच्या. गावातले ब्लाउज शिवून संसार चालवायच्या, आणि उरलेल्या वेळात राक्षस. बाजारात बायका त्यांना राक्षसाची काकू म्हणायला लागल्या होत्या. माझ्या वेळचं कातडं त्यांनी बारदानाचं केलं. आयाळीला तागाचे दोर उकलून पिवळे रंगवले, जबड्याला पाइपाचे दात, जीभ लाल रेक्झिनची, नखं पत्र्याची. कथा अशी होती, की फवारणीच्या पंपात उरलेलं औषध एक जनावर पितं आणि त्याचं हे होतं. शेवटचा टाका घालून काकूंनी दोरा दाताने तोडला आणि उस्तादांकडे न बघता म्हणाल्या, "हे शेवटचं. ह्याच्यानंतर ह्या घरात राक्षस न्हाई."

उस्तादांनी मान हलवली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "एक माणूस. एकच माणूस खरं भ्यालं पायजे. मग मी सोडतो."

त्या कातड्यात मला उस्तादांनी जगायला शिकवलं, असंच म्हणेन. तोंडाने श्वास घेऊ नको, नाकाने, हळू. घाबरलास तर आत हवा कमी पडते. जीव घुसमटला तर बोटं मोज. मला बघायला राक्षसाच्या उघड्या जबड्यात एक जाळी होती, पण ती खाली होती. तिच्यातून माणसाच्या छातीपासून गुडघ्यापर्यंतचं दिसायचं. चेहरा दिसायचा नाही. मला ते बरं वाटायचं. नाव पुकारणारा चेहरा दिसत नसेल तर माझ्या पोटात कळ येत नव्हती. राक्षसाने बोलायचं नाही हा उस्तादांचा कडक नियम होता, तोही माझ्या सोयीचाच होता.

पायात मात्र माझी रबरी चप्पलच. पायाची कातडी शिवायला बारदान कमी पडलं. उस्ताद म्हणाले, पाय दाखवायचेच न्हाईत.

खरं भ्यालेलं माणूस आणायचं कुठून, हा प्रश्न त्यांनी असा सोडवला, की ज्याला भेवडवायचं त्याला सांगायचंच नाही. गावाबाहेर रस्त्यापासून आत एका वस्तीवर एक आज्जी एकटी राहायची. ओसरीला लाकडी खांब, पुढे तुळस, समोर तूर उभी. दिवेलागणीचा उजेड फुकट असतो, आणि रात्रीचे लाइट आम्हाला परवडणारे नव्हते. आज्जी दिवा लावायला बाहेर येईल तेव्हा मी खांबामागून निघून उंबऱ्यावर उभं राहायचं. उस्ताद तुरीत कॅमेरा घेऊन.

माझी रात्रीची झोप गेली. मी विचारलं, म्हातारी मेली तर? ते म्हणाले, "मी बारकेपणी पिच्चर बघून लय भ्यालो होतो. मेलो का? उलट तवाच जित्ता झालो." पण डोळ्याला डोळा देत नव्हते. त्यांनाही धास्ती होती. दुसऱ्या दिवशी कॅमेऱ्याच्या पिशवीत त्यांनी पाण्याची बाटली आणि साखरेची पुडी टाकलेली मी पाहिली.

आज्जी घरामागे गोवऱ्या आणायला गेली तेव्हा मी खांबामागे जाऊन उभा राहिलो. आत उकडत होतं, दोराचा रंग वास मारत होता. मी बोटं मोजत होतो. तिन्हीसांज झाली. मागच्या दाराने आज्जी आत आल्याचं ऐकू आलं, काडी ओढल्याचं ऐकू आलं. जाळीतून मला हातातला दिवा दिसला, आणि त्याला आडोसा धरलेला दुसरा हात. मी निघालो आणि उंबऱ्यावर उभा राहिलो.

दिवा पडला नाही. हललासुद्धा नाही. मला वाटलं, तिला दिसलंच नसेल. मग ती म्हणाली, अगदी रोजच्या आवाजात, "आलास का. लय उशीर केलास बाबा."

आम्हा दोघांपैकी एकाच्याही डोक्यात हे आलं नव्हतं, आणि आमच्या भागात जन्म काढून हे डोक्यात येऊ नये याचं मला आजही नवल वाटतं. सिंहाची आयाळ, माणसाचं अंग, लाल जीभ, नखं. खांबातून निघालेला. तिन्हीसांजेला, दिवस ना रात्र. उंबऱ्यावर, आत ना बाहेर. आज्जीचं कुलदैवत पोखर्णीचा नरसिंह. तिच्या दारात दुसरं कोण येणार होतं?

ती आत गेली आणि ताम्हण घेऊन आली. खाली बसली आणि माझे पाय धुतले. चपलेसकट. चप्पल तिने बघितली असणार, चपलेच्या पट्ट्यावरून तिची बोटं फिरली होती. पण देवाने चप्पल का घालू नये? काट्याकुट्यातून आलाय. तिने हळद वाहिली, कुंकू वाहिलं, काकूंनी शिवलेल्या बारदानावर छातीपासून खाली पिवळे-तांबडे ओघळ आले. मग तिने हात जोडले. ते हात मला जाळीतून समोरच दिसत होते. ती म्हणाली, "माझं लेकरू कुठं हाय तेवढं सांग. हैदराबादकडं गेला म्हणतेत. जित्ता हाय का न्हाई तेवढंच सांग. डाव्या हाताची दोन बोटं न्हाईत त्याला, करंगळी आन् तिच्या शेजारची. मशिनीत गेली. तुला समदं दिसतंय म्हणतेत, पर सांगून ठेवते. गर्दीत चुकायला नको."

राक्षसाने बोलायचं नसतं. मी बोललो नाही. नियम नसता तरी काय बोललो असतो?

तुरीतून उस्ताद बाहेर आले. कॅमेरा खांद्यावर नव्हता, हातात लोंबत होता. पिशवीतल्या साखरेसाठी म्हणून ते धावत आले असावेत, कारण पुडी हातातच होती. "आज्जी," ते म्हणाले, "हे... आमी..." आणि पुढे त्यांना येईना. आज्जीने वळून त्यांना विचारलं, "तू कोण? पुजारी का?"

उस्तादांच्या बोटांनी पुडी उलटसुलट केली. "हां," ते म्हणाले.

परतताना वाटेत त्यांनी ती शूटिंग पुसून टाकली. मी गाडीवर मागे बसलो होतो, राक्षसाचं शीर मांडीवर घेऊन. त्यांनी गाडी थांबवली, बटण दाबलं, परत गाडी चालू केली. त्यांनी आयुष्यात घेतलेलं एकमेव खरं दृश्य ते होतं आणि त्यांना ते माहीत होतं.

घरी आल्यावर काकूंनी कातड्याकडे बघितलं, उस्तादांकडे बघितलं, मग माझ्याकडे. मीच सांगितलं. ऐकून त्यांनी हात धुतले, कातडं झटकलं नाही, तसंच उचललं आणि पुढच्या खोलीत खुंटीला टांगलं. उस्ताद म्हणाले, उद्या शेतातला सीन घ्यायचाय. काकू म्हणाल्या, "हळद-कुंकू पडलं. आता ह्यानं माणूस खायचं न्हाई." दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी कातड्याखाली दिवा लावला. पिच्चर तिथे थांबला.

उस्ताद नवं कातडं करू शकले असते. केलं नाही. कारण पुढच्या बाजारच्या दिवशी आज्जी पत्ता विचारत दुकानात आली. कॅमेरावाल्या पुजाऱ्याचं घर कुठलं, म्हणून. लोकांनी हसतच दाखवलं. ती आत आली, कातड्यापुढे बसली, आणि उठताना उस्तादांना म्हणाली, देव काही बोलला का? उस्ताद म्हणाले, अजून न्हाई. ती म्हणाली, बरं, घाई न्हाई. आणि त्यानंतर दर बाजारच्या दिवशी.

खोटं सांगणं त्यांना जमलं असतं. तुझा पोरगा सुखात हाय म्हणायला काय लागतं? काकूंनी तसं एकदा सुचवलंही. पण त्यांनी नाही केलं, आणि खरंही नाही सांगितलं. ते 'अजून न्हाई' म्हणत राहिले. लग्नांची कामं कमी झाली, लोकांना ड्रोन हवा होता. उस्ताद दुकानाच्या पायरीवर बसून राहायचे. जुने पिच्चर बघणं सुटलं. एकदा मला म्हणाले, "महागाच्या राक्षसाला कुणी हात जोडत न्हाई बघ. स्वस्तातल्यालाच जोडतेत. हे मला कुणी सांगितलं न्हवतं."

त्यांनीच मला हैदराबादला लावून दिलं. त्यांच्या ओळखीचा एक डेकोरेशनवाला होता, त्याला मॉलमध्ये खेळण्यांच्या दुकानापुढे अस्वल होऊन उभं राहणारा माणूस हवा होता. अस्वल बोलत नाही. हात हलवतं, पोरांशी हात मिळवतं, फोटोत उभं राहतं. जगात मला जमेल असं हे एकच काम होतं आणि ते उस्तादांनी हुडकून काढलं. निघताना मी पाया पडलो तर त्यांनी मला उठवलं आणि हळूच, काकूंना ऐकू जाणार नाही असं, म्हणाले, "तिकडं बघत राहा."

दर बाजारच्या दिवशी त्यांचा फोन यायचा. तब्येत, पाऊसपाणी, आणि मग एकच प्रश्न. दिसला का? न्हाई, उस्ताद. बरं. शेवटच्या फोनला मात्र हे बोलणं झाल्यावर त्यांनी फोन ठेवला नाही. म्हणाले, "तिची काठी गल्लीत वाजती ना, तवा मला भ्या वाटतंय. लय भ्या वाटतंय रे. पोटात कळ येती." मग म्हणाले, "आपल्या पिच्चरला शेवटी एक माणूस भ्यालं म्हणायचं."

गेल्या उन्हाळ्यात ते गेले. सुट्ट्यांचे दिवस, मॉलमध्ये गर्दी, अस्वलाला रजा मिळाली नाही. काकूंनी फोनवर रडणं आवरून पहिली गोष्ट सांगितली ती ही, की आज्जी येऊन गेली. कातड्यापुढे बसली, मग रिकाम्या पायरीकडे बघून विचारलं, पुजारी देवाला विचारायलाच गेला का? काकूंनी मला विचारलं, "काय सांगू रे तिला?"

मी म्हणालो, अजून न्हाई म्हणा.

आता तो फोन काकू करतात. अस्वलाची जाळीही तोंडातच आहे. छातीपासून गुडघ्यापर्यंतचं दिसतं, चेहरे दिसत नाहीत, त्याचं पूर्वीसारखं बरं वाटत नाही. या शहरात किती माणसं आहेत कुणास ठाऊक, आणि तो मॉलमध्ये कशाला येईल, हेही मला कळतं. तरी पोरांना सोडून मी बापांपुढे पंजा करतो, डावा पंजा करतो, म्हणजे ते डावा हात पुढे करतात. काही जण हसतात, अस्वल डावखुरं आहे म्हणतात. हात पंज्यात आला की मी बोटं मोजतो. आजपर्यंत सगळी भरली आहेत.